पहिल्या बारा आठवड्यांचा हिशेब

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर मातांची रांग लागते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान २०१६ साली सुरू झाले, तेव्हापासून ही तारीख आशाताईंना आणि आता गावोगावच्या सासवांनाही पाठ झाली आहे. या रांगेत एक गोष्ट मात्र ठळकपणे दिसते. तिथे उभ्या असलेल्या बहुतेकींचे पोट दिसू लागलेले असते. पाळी चुकून दोन-तीन आठवडेच झालेली, मळमळीने हैराण असलेली बाई तिथे क्वचितच सापडते. अभियानाची रचनाच तशी आहे. ते दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीतील मातांसाठी आहे. मग पहिल्या तिमाहीतील बाई असते कुठे? रामटेक तालुक्यात तिला शोधायचे तर बहुधा वावरात शोधावे लागेल. तिला दिवस गेले आहेत, हे तिच्याखेरीज फार तर नवऱ्याला ठाऊक असते.

महाराष्ट्राने सुरक्षित बाळंतपणाच्या लढाईचा अर्धा भाग जवळजवळ जिंकला आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, राज्यातील १०० पैकी सुमारे ९५ बाळंतपणे दवाखान्यात झाल्याचे आढळले. सुईणीच्या हातून, कंदिलाच्या उजेडात होणारे बाळंतपण हा आता बहुतांश गावांत आजीच्या आठवणीतला विषय आहे. २०१८-२० या कालावधीत महाराष्ट्रातील मातामृत्यूचे प्रमाण एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ होते, तर देशाचे ९७. ही कामगिरी लहान नाही.

पण त्याच सर्वेक्षणातील पुढच्या ओळी वाचल्या की मान जरा खाली जाते. किमान चार तपासण्या झालेल्या माता १०० पैकी सुमारे ७०. पहिल्या तीन महिन्यांत पहिली तपासणी झालेल्याही साधारण तितक्याच. लोहाच्या गोळ्या निदान १०० दिवस घेतलेल्या निम्म्याहून कमी. आणि रक्त तपासलेल्या गरोदर स्त्रियांपैकी सुमारे ४६ टक्के रक्तक्षयाच्या. म्हणजे कळा सुरू झाल्यावर दवाखाना गाठायची सवय आपल्याला लागली. त्याआधीच्या नऊ महिन्यांत तिथे जायची सवय मात्र तितकी रुजली नाही. हे आकडे शहरांसह साऱ्या राज्याचे आहेत. जंगलाला लागून असलेल्या गावांत ते याहून चांगले असतील, अशी आशा धरायला काही कारण नाही.

बारा आठवड्यांच्या आतच का, हा प्रश्न रास्त आहे. घरातल्या जुन्या बायका विचारतातच, ‘एवढ्या लवकर जाऊन डॉक्टर काय पाहणार?’ उत्तर असे की, त्या वेळी पाहिलेले नंतर पाहता येत नाही. रक्तदाबाचेच घ्या. गरोदरपणातला घातक रक्तदाब सहसा विसाव्या आठवड्यानंतर डोके वर काढतो. सातव्या महिन्यात पहिल्यांदा आलेल्या बाईचा दाब १४०/९० निघाला, तर तो आधीपासूनचा की गरोदरपणाने आलेला, हे ओळखायला डॉक्टरकडे मागची नोंदच नसते. दाब वाढला म्हणून काही दुखत नाही. डोके ठणकू लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते, तेव्हा झटक्यांपर्यंतचे अंतर कधी कधी काही तासांचेच उरलेले असते. दिवस नेमके किती भरले, हेही सुरुवातीच्या सोनोग्राफीतच सर्वांत अचूक कळते. पुढे बाळाची वाढ खुंटली आहे की तारीखच चुकली आहे, असा घोळ होतो, तो मुख्यतः ही पहिली नोंद नसल्याने. फॉलिक आम्लाची गोळी तर जितकी लवकर तितकी बरी, कारण बाळाच्या मेंदूचा आणि पाठीच्या कण्याचा पाया पहिल्या काही आठवड्यांतच घातला जातो.

रामटेकच्या बाबतीत आणखी एक कारण आहे, आणि आमच्या मते तेच सर्वांत मोठे आहे. ते म्हणजे सिकलसेल.

पूर्व विदर्भाला हा आजार नवा नाही. मध्य भारतातील सिकलसेलची नोंद शुक्ला आणि सोलंकी यांनी १९५८ सालीच लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात केली होती. गोंड, परधान या आदिवासी समाजांत, अनुसूचित जातींत आणि इतर काही समाजांतही त्याचे वाहक आढळतात. तो कुणा एका जातीचा रोग नाही. पूर्वी मलेरियाने ग्रासलेल्या मुलखात हा जनुक टिकला, कारण वाहक व्यक्तीला मलेरियापासून थोडे संरक्षण मिळते. वाहकाला स्वतःला सहसा काहीच त्रास होत नाही, आणि अडचण नेमकी इथेच आहे. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला प्रत्यक्ष आजार होण्याची शक्यता चारात एक असते. एक मूल निरोगी झाले म्हणून पुढच्या वेळची शक्यता बदलत नाही. हे गणित सांगितले नाही, तर ‘पहिला तर चांगला आहे’ या समाधानात दुसरे बाळ येते.

आता वेळापत्रक पाहा. बाई आठव्या आठवड्यात आली, तर बोटातून रक्त घेऊन साधी चाचणी करता येते. ती सकारात्मक आली तर पक्के निदान आणि त्याबरोबर नवऱ्याची चाचणी. दोघेही वाहक निघाले, तर गर्भाची तपासणी साधारण अकराव्या ते तेराव्या आठवड्यात मोठ्या केंद्रात होऊ शकते; ती संधी हुकली तर पाणी तपासण्याचा मार्ग पंधराव्या-सोळाव्या आठवड्यानंतर असतो. त्यानंतर काय करायचे, हा निर्णय त्या जोडप्याचा. तो कोणी त्यांच्यावर लादू नये, आणि गरोदरपण पुढे न्यायचे ठरले तर त्याबद्दल कोणी त्यांना बोलही लावू नये. पण निर्णय घ्यायला वेळ तर हवा! तीच बाई पाचव्या-सहाव्या महिन्यात आली, तर नवऱ्याला कामावरून बोलावणे, अहवाल येणे, नागपूरला पाठवणे यांतच दिवस निघून जातात आणि बहुतेक वाटा बंद झालेल्या असतात. उरते ते एकच: जन्मल्यावर बाळाची चाचणी लगेच करणे आणि आजार निघाला तर पहिल्या काही महिन्यांतच संसर्गापासून संरक्षणाचे औषध सुरू करणे. तेही मोलाचे आहे. पण ते कोणाला द्यायचे हे कळण्यासाठीसुद्धा आईची नोंद हवीच.

आईलाच आजार असेल, तर लवकर येण्याचे महत्त्व आणखी वाढते. अशा स्त्रीला गरोदरपणात तीव्र वेदनांचे झटके, रक्तदाब, संसर्ग, बाळाची वाढ कमी होणे असे धोके असतात. ती हायड्रॉक्सियुरिया घेत असेल, तर गरोदरपणात त्या औषधाचे काय करायचे हे डॉक्टरला विचारणे ताबडतोबीचे असते. तिचे हिमोग्लोबिन कमी दिसले म्हणून सरसकट लोह वाढवणेही बरोबर नाही. वारंवार रक्त चढवले असेल, तर शरीरात लोह आधीच साठलेले असू शकते. फॉलिक आम्ल मात्र लागते. फक्त वाहक असलेल्या बाईने आपल्या गोळ्या नेहमीप्रमाणे घ्यायच्या असतात. हा फरक कार्डावरच्या एका हिमोग्लोबिनच्या आकड्यातून कळत नाही. राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियानाची सुरुवात १ जुलै २०२३ रोजी शेजारच्या मध्य प्रदेशात, शहडोल येथे झाली. या अभियानातील तपासणी आणि गरोदर मातेची नोंदणी ही दोन वेगवेगळी रजिस्टरे राहिली, तर या तालुक्याला त्याचा निम्माच उपयोग होईल.

मग बायका लवकर का येत नाहीत? ‘अज्ञान’ हा शब्द वापरून मोकळे होण्याची आपल्याकडे पद्धत आहे. तिच्यात आळस जास्त आणि सत्य कमी आहे.

पहिले कारण लाजेचे आणि सावधगिरीचे. तीन महिने पुरे होईपर्यंत कोणाला सांगायचे नाही, नजर लागते, ही समजूत शहरातल्या शिकलेल्या घरांतही आहे. या समजुतीमागे अनुभव आहे, कारण गर्भपात बहुधा पहिल्या तीन महिन्यांतच होतात. तेव्हा तिची टिंगल करून काही साधणार नाही. गुपित राखूनही तपासणी होऊ शकते, हे सांगितले पाहिजे. आशाताईकडे पाळी चुकल्यावर करायच्या चाचणीचे निश्चय किट असते. ते घरातल्या घरात, गवगवा न करता वापरता येते. मात्र आशाताई गावातलीच, बरेचदा भावकीतली असते. तिने तोंड बंद ठेवले पाहिजे, आणि ती ते ठेवते असा गावाचा विश्वासही बसला पाहिजे.

दुसरे कारण पोटाचे. रामटेकच्या पट्ट्यात धान होते. रोवणी जुलै-ऑगस्टमध्ये, आणि ती प्रामुख्याने बायकांच्या हातांवर. चिखलात वाकून दिवसभर रोवणी करणाऱ्या बाईसाठी ९ जुलै ही तपासणीची तारीख नसते, ती मजुरीची तारीख असते. जंगलालगत मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल, मे महिन्यात तेंदूपत्ता. पहिल्या तपासणीला एक दिवस पुरला तर नशीब. सकाळची बस, केसपेपरची रांग, रक्त देणे, अहवाल दुपारनंतर, सोनोग्राफीसाठी पुन्हा दुसऱ्या दिवशी यायला सांगणे. दवाखाना मोफत आहे, हे खरेच. पण बुडालेली मजुरी आणि सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी कोणत्याच पावतीवर लिहिलेली नसते.

तिसरे कारण आपल्या योजनांच्या पोटातच आहे. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५ हजार रुपये मिळतात. सुधारित नियमांनुसार त्यातला ३ हजारांचा पहिला हप्ता मिळायला गरोदरपणाची नोंदणी आणि शेवटच्या पाळीपासून सहा महिन्यांच्या आत किमान एक तपासणी पुरते. सहा महिने! वैद्यकशास्त्र बारा आठवडे म्हणते आणि पैशाची योजना सहा महिने. गरीब घर कोणाचे ऐकेल? दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तरच ६ हजार. दुसरा मुलगा झाला तर काही नाही, आणि तिसऱ्या खेपेला तर प्रश्नच नाही. वास्तविक तिसऱ्या-चौथ्या खेपेच्या आईचा रक्तक्षय अधिक खोल असतो आणि तपासणीला येण्याचा तिचा उत्साह सर्वांत कमी असतो. ‘दोन झाली की दवाखान्याविना कळत नाही काय?’ असे तीच म्हणते.

आणखी एक कारण आहे, ते फार थोडे लोक मोठ्याने बोलतात. अठरा वर्षांखालील विवाहितेला दिवस गेले, तर दवाखान्यात गेल्यावर पोलिसांपर्यंत प्रकरण जाईल या धास्तीने घरचे तिला लपवतात. कायदा आपल्या जागी बरोबर आहे आणि बालविवाह हा गुन्हाच आहे. पण ज्या मुलीचे शरीर अजून वाढतेच आहे, तीच तपासणीपासून सर्वांत लांब राहते. या पेचावर आरोग्य खाते, महिला व बालविकास खाते आणि पोलीस यांनी एकत्र बसून वाट काढायला हवी. आज ती वाट एकट्या सिस्टरच्या गळ्यात टाकलेली आहे.

दुखणे अंगावर काढण्याची सवय किती खोल असते, हे विदर्भानेच जगाला दाखवले आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ साली प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि त्यासाठी पूर्वी कधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. त्या बाया अडाणी होत्या म्हणून नव्हे, तर ‘बाईच्या जातीला हे असायचेच’ असे सगळ्यांनी मिळून ठरवले होते म्हणून. गरोदरपणातला थकवा, पायांवरची सूज, डोकेदुखी यांच्याबद्दल आजही तेच वाक्य ऐकू येते.

तपासणी झाली म्हणजे काम झाले, असेही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये गरोदरपणात आठ भेटींची शिफारस केली; आपल्याकडे किमान चार. आकडा चार असो वा आठ, त्या भेटीत काय घडले हे महत्त्वाचे. वजन, रक्तदाब, लघवीतील प्रथिने, हिमोग्लोबिन, साखर, एचआयव्ही-सिफिलिस-कावीळ यांच्या चाचण्या, पोटावरून बाळाची तपासणी, धनुर्वाताची लस: एवढे केले तर ती भेट. नाहीतर कार्डावर तारीख पडते, लाल गोळ्यांची पाकिटे पिशवीत पडतात आणि बाई घरी जाते. पाकिटे पुढे फडताळात पडून राहतात. गोळीने मळमळते, शौच काळी होते, बाळ मोठे होऊन बाळंतपण अडेल अशी भीती वाटते. शौच काळी होणे निर्धोक आहे, गोळी रात्री जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी वाटते, चहा आणि कॅल्शियमची गोळी तिच्यासोबत घेऊ नये, गोळीने बाळ अवजड होत नाही: हे सांगायला तीन मिनिटे लागतात. शंभर बायांच्या रांगेत ती तीन मिनिटे कोणाकडेच नसतात. म्हणून ९ तारखेची गर्दी हे यशाचे चिन्ह मानताना थोडे थांबावे. महिन्यातला एक दिवस गच्च आणि बाकीचे दिवस मोकळे, अशी तपासणी नीट होत नाही.

हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेलेली बाई गोळ्यांच्या भरवशावर सोडायची नसते, तिला दवाखान्यात दाखल करायचे असते. ७ ते १० च्या दरम्यान असलेल्या आणि दिवस भरत आलेल्या बाईला शिरेतून लोह देता येते. बाळंतपणात अर्धा-पाऊण लिटर रक्त गेले, तर सुदृढ बाई ते सोसते; रक्तक्षयाच्या बाईला तेवढेच जिवावर बेतते. रामटेकहून नागपूर सुमारे ५० किलोमीटर. देवलापारच्या पलीकडच्या गावांतून अंतर आणखी वाढते. डागा, मेयो, मेडिकल ही नावे ऐकली की घरचे निम्मे खचतात. त्यात रात्रीची वेळ आणि जंगलाचा रस्ता. पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या महामार्गावर वन्यप्राण्यांना सुखरूप ओलांडता यावे म्हणून उन्नत मार्ग बांधले गेले, आणि ते योग्यच झाले. त्याच मार्गाच्या दोन्ही अंगांना राहणाऱ्या गरोदर बाईला रक्त जवळ कुठे मिळेल, हे तिला आठव्या महिन्याच्या आत माहीत असावे, एवढी अपेक्षा जास्त नाही.

माहेरपणाचा प्रश्न तर कोणत्याच नियोजनात दिसत नाही. पहिले बाळंतपण माहेरी करायची आपली रीत आहे आणि ती मोडण्याचे काही कारण नाही. तिथे मुलीला विश्रांती मिळते, जेवण मिळते. पण नोंदणी सासरच्या उपकेंद्रात आणि शेवटचे दोन-तीन महिने दुसऱ्याच गावात. रामटेक तालुक्याची सीमा मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्याला भिडते. सोयरिकी काही सीमा पाहून होत नाहीत. सासरची सिस्टर म्हणते ती गेली, माहेरच्या सिस्टरला ती आल्याचे ठाऊक नसते. ज्या आठवड्यांत रक्तदाब वाढतो, नेमक्या त्याच आठवड्यांत बाई दोन रजिस्टरांच्या मधल्या फटीत सापडते. ओटी भरून मुलगी माहेरी निघते त्या दिवशी एका सिस्टरने दुसरीला फोन केला, एवढ्यानेही बरेच साधेल. जोखमीच्या मातेच्या कार्डावर लाल स्टिकर लावायची पद्धत आहेच. तो स्टिकर लावणाऱ्यानेच फोनही करावा.

तालुक्याच्या मासिक आढाव्यात दवाखान्यात किती प्रसूती झाल्या, हा प्रश्न ठरलेला असतो. त्याच्या आधी दोन प्रश्न विचारले जावेत. या महिन्यात नोंद झालेल्या मातांपैकी बारा आठवड्यांच्या आत किती जणी आल्या? आणि सिकलसेल वाहक निघालेल्यांपैकी कितींच्या नवऱ्यांची चाचणी झाली? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा अवघड जाईल. नवरा कामावर असतो, त्याला ‘बायकांच्या दवाखान्यात’ यायला संकोच वाटतो. त्याच्यासाठी आठवडी बाजाराच्या दिवशी किंवा संध्याकाळी उपकेंद्र उघडे ठेवावे लागेल. ते ठेवण्याइतके मनुष्यबळ देणे ही जिल्हा परिषदेची आणि राज्य शासनाची जबाबदारी आहे, सिस्टरच्या सेवाभावाची नव्हे. मातृवंदनेच्या पहिल्या हप्त्यातला काही भाग बारा आठवड्यांच्या आत येणाऱ्या प्रत्येक मातेला, मग खेप कितवीही असो, नोंदणीच्या दिवशीच देता येईल का, याचाही विचार व्हावा. बुडालेल्या मजुरीचे उत्तर मजुरीनेच द्यावे लागते.

ज्या घरात पाळी चुकली आहे, त्यांनी ९ तारखेची वाट पाहू नये. उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात नोंदणी इतर दिवशीही होते. जाताना शेवटच्या पाळीची तारीख आठवून जावी, सिकलसेलची चाचणी मागून घ्यावी, आणि नवऱ्याला सोबत न्यावे. डोके ठणकणे, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही झाले तर १०२ किंवा १०८ वर फोन करावा. रोवणी चालू असली तरी.